आयसीयूत येताना घरातल्या गोळ्यांची पिशवी सोबत आणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी मुंबईतल्या पालिकेच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. नोकरीची बहुतेक वर्षं याच विभागात गेली. पाऊस सुरू झाला की आपल्या दैनिकात लेप्टो, मलेरिया, डेंग्यूचे आकडे येऊ लागतात. तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळी घ्या, हे पालिकेचं आवाहनही छापून येतं. त्याचा उपयोग होतो, हे मी ओपीडीच्या रांगेत पाहिलं आहे. म्हणूनच आणखी एका गोष्टीसाठी, स्टेरॉईडच्या औषधांविषयी सांगण्यासाठी, आपल्याकडे जागा मागते आहे.

पावसाळी तापाचे काही पेशंट पुढे आमच्याकडे येतात. पण निमित्त कोणतंही पुरतं. न्यूमोनिया, लघवीतला जंतुसंसर्ग, मधुमेही माणसाच्या पायाची चिघळलेली जखम, फुटलेलं अपेंडिक्स. जंतुसंसर्गाशी लढता लढता शरीराचा तोल बिघडतो, रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांतून पाणी बाहेर झिरपतं आणि प्रेशर कोसळतं. चाळीतल्या पाण्याचे पाइप गळायला लागले की टाकीत कितीही पाणी चढवा, वरच्या मजल्यावर धार येत नाही, तसंच काहीसं मूत्रपिंडाचं, मेंदूचं होतं. भरपूर सलाईन देऊनही प्रेशर टिकत नाही, त्यासाठी औषधाचा पंप लावावा लागतो आणि रक्तातलं लॅक्टेट (पेशींची उपासमार झाली की वाढणारा घटक) २ च्या वर राहतं, तेव्हा डॉक्टर त्याला सेप्टिक शॉक म्हणतात. ही व्याख्या २०१६ साली ठरली, आणि ती ठरवताना तपासलेल्या नोंदींमध्ये असे ४० टक्क्यांहून अधिक रुग्ण रुग्णालयातच दगावलेले होते. म्हणजे दर दहांतले चार.

या आजारात पहिल्या तासात अँटिबायोटिक गेलं पाहिजे, सलाईन गेलं पाहिजे, पू साठला असेल तर तो काढला पाहिजे. त्याला पर्याय नाही. त्यानंतर पंपावर नॉरॲड्रेनॅलिन, म्हणजे रक्तवाहिन्या आवळून प्रेशर वाढवणारं औषध, सुरू होतं. आम्ही त्याला नुसतं नॉरॲड म्हणतो. सरासरी प्रेशर ६५ च्या वर ठेवायचं, एवढं एकच लक्ष्य डोळ्यांसमोर असतं. पंपाचा आकडा वाढवत जायचा, मॉनिटर बघायचा, तासातासाला चार्टवर लिहायचं. बहुतेकांचं प्रेशर यावर सावरतं. काहींचं सावरत नाही. पंपाचा आकडा चढत राहतो, बोटं गार पडतात, लघवीच्या पिशवीत काही जमत नाही. अशा वेळी डॉक्टर हायड्रोकॉर्टिझोन लिहितात आणि नातेवाईकांना बाहेर जाऊन सांगतात की आता स्टेरॉईड सुरू करतोय.

आणि तिथे गाडी अडते.

“सिस्टर, बाकी काहीही द्या, स्टेरॉईड तेवढं नको.” हे मी मुलांकडून ऐकलं आहे, सुनांकडून ऐकलं आहे, गावाहून रातोरात एसटीने आलेल्या भावांकडून ऐकलं आहे. ते का घाबरतात ते मला चांगलं कळतं. २०२१ मध्ये काळ्या बुरशीने या शहरात काय केलं ते आम्ही जवळून पाहिलं. कोविडमधून वाचलेल्या माणसांचे डोळे गेले, जबडे काढावे लागले. वाढलेली साखर आणि बेसुमार स्टेरॉईड यांचा त्यात मोठा हात होता. ज्याच्या घरात हे घडलं तो पुन्हा त्याच औषधाचं नाव ऐकून हबकणार नाही तर काय करणार? त्याला वेड्यात काढायचं नाही, त्याच्याजवळ उभं राहून समजावायचं. पण रात्री दोन वाजता, एका सिस्टरकडे ठरलेल्यापेक्षा जास्त पेशंट असताना, समजावायला वेळ कुठून आणायचा? म्हणून ते आधी, शांतपणे, पेपरात वाचलेलं असावं असं वाटतं.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक छोटी ग्रंथी असते. ती कॉर्टिसॉल तयार करते. निरोगी माणसात हे रोज साधारण १० ते २० मिलिग्रॅम बनतं. मोठं आजारपण आलं की शरीराला ते कितीतरी पट जास्त लागतं, कारण रक्तवाहिन्यांना नॉरॲडची हाक ऐकू यायला कॉर्टिसॉल हवं असतं. सेप्टिक शॉकमध्ये काहींच्या ग्रंथी ही मागणी पुरवू शकत नाहीत. हायड्रोकॉर्टिझोन म्हणजे तेच कॉर्टिसॉल, बाटलीत भरलेलं. दिवसाला २०० मिलिग्रॅम. आमच्याकडे १०० मिलिग्रॅमची पावडरची बाटली येते, ती पाण्यात विरघळवायची, अर्धी शिरेतून द्यायची, सहा तासांनी पुन्हा. औषध जुनं आहे, देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, आणि आयसीयूतल्या इतर औषधांच्या मानाने स्वस्तही आहे.

आता खरं ते पूर्ण सांगते. अर्धवट धीर दिला की लोकांचा विश्वास उडतो.

एके काळी डॉक्टरांनाही वाटत होतं की स्टेरॉईड जितकं जास्त तितकं चांगलं. एका डोसला किलोमागे ३० मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन देत, म्हणजे ६० किलोच्या माणसाला एका वेळी १८०० मिलिग्रॅम, आणि ते औषध हायड्रोकॉर्टिझोनच्या पाचपट तीव्र. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचण्यांमधून दिसलं की त्याने जीव वाचत नाहीत, मग तो प्रकार बंद झाला. लोकांच्या मनातली भीती त्या मोठ्या डोसांची असेल तर ती रास्त आहे. आजचा डोस त्याच्या आसपासही नाही.

कमी डोसावरही वर्षानुवर्षं वाद झाले. २००२ मध्ये फ्रान्समधल्या ३०० रुग्णांच्या चाचणीत फायदा दिसला, २००८ मध्ये युरोपातल्या चाचणीत मृत्यू कमी झाले नाहीत, फक्त शॉक लवकर उतरला. मग २०१८ मध्ये दोन मोठे अभ्यास लागोपाठ आले. एक ऑस्ट्रेलियातून सुरू झालेला, पाच देशांतल्या सुमारे ३८०० रुग्णांचा, सगळे व्हेंटिलेटरवरचे. त्यात ९० दिवसांनंतर स्टेरॉईड मिळालेल्यांपैकी २७.९ टक्के आणि न मिळालेल्यांपैकी २८.८ टक्के दगावलेले होते. म्हणजे जिवाच्या हिशेबात फरक नाहीच म्हणायचा. दुसरा फ्रान्सचा, १२४१ रुग्णांचा. त्यात हायड्रोकॉर्टिझोनसोबत फ्लुड्रोकॉर्टिझोन या दुसऱ्या स्टेरॉईडची छोटी गोळी नाकातल्या नळीतून दिली होती. तिथे ९० दिवसांचे मृत्यू ४९.१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर आले. दोन चांगले अभ्यास, दोन उत्तरं. त्यामुळे “हे दिलं म्हणजे माणूस वाचणारच” असं कुणी सांगितलं तर त्यावरही विश्वास ठेवू नका.

पण एक गोष्ट जवळपास प्रत्येक अभ्यासात सारखी आली: शॉक लवकर उतरतो. ऑस्ट्रेलियाच्या त्या अभ्यासात चार दिवसांऐवजी तीन. कागदावर हा एक दिवस किरकोळ वाटतो. माझ्या विभागात तो किरकोळ नसतो. नॉरॲडचा पंप एक दिवस आधी निघाला की मानेतली सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी, लवकर काढता येते, आणि लाइन जितके दिवस राहते तितका तिच्यातून नवा जंतुसंसर्ग होण्याचा धोका. पंप निघाला की पेशंटला कुशीवर वळवणं, बसवणं, फिजिओ सुरू करणं सोपं होतं. खासगी रुग्णालयात असाल तर आयसीयूच्या एका दिवसाचं बिल काय असतं ते घरच्यांनाच विचारा. दागिने मोडलेली घरं मी ओळखते. आणि आमच्याकडे एक खाट एक दिवस आधी रिकामी झाली तर खाली कॅज्युअल्टीत मुलाला श्वास मिळावा म्हणून हाताने फुगा दाबत बसलेल्या एखाद्या बापाच्या मुलाला ती मिळते. अभ्यासाच्या तक्त्यात हा बाप कुठेच नसतो, म्हणून मुद्दाम लिहिते.

म्हणूनच २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की नॉरॲड सुरू होऊन किमान चार तास झाल्यावरही त्याची मात्रा किलोमागे मिनिटाला ०.२५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त लागत असेल, तर हायड्रोकॉर्टिझोन सुरू करण्याचा विचार करावा. सरसकट प्रत्येक तापाला नाही, प्रत्येक जंतुसंसर्गाला नाही. शॉक नसलेल्यांना ते आधीच देऊन शॉक टळतो का, हेही जर्मनीत तपासून झालं, टळत नाही असं २०१६ मध्ये दिसलं. कोविडमध्येही हेच होतं. डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम दहा दिवसांपर्यंत, हे ब्रिटनच्या चाचणीने जून २०२० मध्ये सांगितलं तेव्हा ते ऑक्सिजन लागणाऱ्यांसाठी होतं; ऑक्सिजन न लागणाऱ्यांना त्याचा फायदा दिसला नव्हता. तरी घरोघरी त्या गोळ्या खाल्ल्या गेल्या. योग्य माणसाला, योग्य वेळी, मोजून, आणि थांबवायची वेळ ठरवून, ही चार पथ्यं त्या वेळी कितीतरी ठिकाणी पाळली गेली नाहीत.

दुष्परिणाम आहेतच. साखर चढते, त्यासाठी आम्ही वारंवार बोटाला टोचतो आणि गरज पडली तर इन्सुलिन चालू करतो. सोडियम वाढू शकतं. स्नायू दुबळे होऊ शकतात. नव्या जंतुसंसर्गावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवावी लागते. पण हे सगळं चोवीस तास मोजलं जाणाऱ्या जागेत होतं, आणि नॉरॲड सुटलं की हे इंजेक्शनही काही दिवसांत थांबतं. सही करण्याआधी विचारायचं असेल तर जरूर विचारा: प्रेशरच्या औषधाचा डोस काल किती होता, आज किती आहे? साखर किती आहे? स्टेरॉईड किती दिवस द्यायचं ठरवलंय? हे प्रश्न विचारणाऱ्या नातेवाईकाचा राग कुणी धरू नये, आणि धरला तर तो आमचा दोष.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं ते. इंजेक्शनला घाबरणारी बरीच घरं अशी असतात की त्यांच्या घरात स्टेरॉईड आधीच कित्येक महिने येऊन बसलेलं असतं, आणि त्यांना त्याचा पत्ता नसतो.

एक आजी आठवतात. सत्तरी ओलांडलेल्या. ताप, लघवीला जळजळ, मग असंबद्ध बोलणं. वर आल्या तेव्हा प्रेशर लागतच नव्हतं. सलाईन झालं, अँटिबायोटिक झालं, नॉरॲड सुरू झालं, आणि रात्रभर पंपाचा आकडा चढतच राहिला. साखर उलट कमी. पहाटे मी हाताची चिकटपट्टी बदलायला घेतली तर पट्टीबरोबर पातळ कातडीचा पापुद्रा निघून आला. दोन्ही हातांवर जांभळे डाग. चेहरा गोल, गाल भरलेले, आणि हातपाय मात्र काटक्यांसारखे. ही खूण आम्हाला शिकवलेली असते. मी रेसिडेंट डॉक्टरांना उठवलं, त्यांनी बाहेर जाऊन मुलाला पुन्हा विचारलं. मुलगा म्हणाला, “काही नाही हो, बीपीची एक गोळी, बस.” सून मागे उभी होती. ती हळूच म्हणाली, “गुडघ्याच्या पुड्या घेतात ना आई. त्यांना बरं वाटतं त्याने. आता चार दिवस पोटात काही ठरत नव्हतं म्हणून बंद आहेत.” पुड्यांवर नाव नाही, काही नाही, नुसती पांढरी पूड. त्या दोन-तीन वर्षं चालल्या होत्या.

बाहेरून स्टेरॉईड तीन-चार आठवड्यांहून अधिक मिळत राहिलं की शरीराची ती ग्रंथी काम करणं सोडून देऊ शकते, आणि पुन्हा कामाला लागायला तिला महिनोन्‌महिने लागू शकतात. अशा माणसाला मोठा जंतुसंसर्ग झाला आणि त्याच आठवड्यात ते औषध अचानक तुटलं, तर प्रेशर सावरायला आतून काहीच येत नाही. अशा पेशंटसाठी हायड्रोकॉर्टिझोनवर वाद घालायला वावच नसतो, वरचे सगळे टक्के त्याला लागू नाहीत. त्या आजींना १०० मिलिग्रॅम लगेच दिलं आणि पुढचे डोस सुरू केले. दुपारपर्यंत पंप खाली येऊ लागला. हे त्यांना वर आणल्यावर पहिल्या तासातच कळलं असतं, तर रात्रभराचे चढते आकडे टळले असते.

मुलगा खोटं बोलत नव्हता. त्याच्या लेखी ते औषधच नव्हतं. तसंच दम्याच्या गोळ्यांचं. तसंच संधिवाताच्या, त्वचेच्या गोळ्यांचं, ज्या एकदा डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी लिहिल्या आणि मग त्याच जुन्या चिठ्ठीवर, कधी चिठ्ठीशिवायही, मेडिकलमधून येत राहिल्या. नायट्याला लावायच्या मलमातही तीव्र स्टेरॉईड असू शकतं, आणि अंगभर, महिनोन्‌महिने लावलं तर तेही रक्तात जातं. हे वाचून कुणी घाबरून आज रात्रीच गोळ्या फेकू नका, हात जोडून सांगते. बऱ्याच दिवसांच्या गोळ्या अचानक बंद करणं हाच तर धोका आहे. ज्या डॉक्टरांनी दिल्या त्यांच्याकडे जाऊन विचारा, ते हळूहळू कमी करतील किंवा चालू ठेवा म्हणतील. अनेक आजारांत त्या गोळ्यांवरच माणूस उभा असतो.

मागणं एवढंच आहे. माणसाला रुग्णालयात नेताना आधार कार्डाबरोबर त्याची औषधांची पिशवी उचला. डबा, पिशवी, उशीखालच्या स्ट्रिप, मलमाच्या नळ्या, पुड्या, इन्हेलर, सगळं. नाव माहीत नसलं तरी चालेल, आम्ही वाचू. लाजू नका. वैदूकडून आणलं, शेजारणीने दिलं, असं सांगितलं म्हणून कुणी ओरडणार नाही. आणि जो माणूस रोज रात्री आजींना पाणी देतो त्याला डॉक्टरांसमोर उभं करा. बहुतेक वेळा ती सून असते, आणि बहुतेक वेळा तिला मागे उभं केलेलं असतं.

पालिकेच्या आरोग्य खात्यालाही आपल्यामार्फत विनंती आहे. केसपेपरवर मधुमेह, रक्तदाब, ॲलर्जी विचारतात, त्याच ओळीत “गेल्या वर्षभरात स्टेरॉईडच्या गोळ्या, इंजेक्शन, पुड्या, मलम?” हा प्रश्न मराठीत आणि हिंदीत छापावा. एका ओळीला लागेल तेवढीच शाई. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ स्टेरॉईड घेणाऱ्यांना २०२० पासून खिशात ठेवायचं इमर्जन्सी कार्ड देतात, म्हणजे बेशुद्ध पेशंटच्या वतीने ते कार्ड बोलतं. आपल्या दम्याच्या आणि संधिवाताच्या ओपीडीत असं मराठी कार्ड देणं अवघड नाही. मी माझ्या विभागात ही सूचना लेखी दिली आहे. पण एका विभागाने विचारून भागणार नाही. पेशंट चेंबूरहून येतो, मालाडहून येतो, वाटेत दोन नर्सिंग होममध्ये थांबून येतो, आणि प्रत्येक ठिकाणी त्याची पिशवी मागे राहते.

संपादक महोदय, खाली स्टेरॉईडची काही नावं देते. स्ट्रिपवर मोठ्या अक्षरांत कंपनीचं नाव असतं, ही नावं त्याखाली बारीक अक्षरांत सापडतात: प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बेटामेथासोन, डेफ्लाझाकॉर्ट, हायड्रोकॉर्टिझोन, मलमांवर क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन. जागा कमी असेल तर माझं पत्र हवं तसं कापा, पण ही नावं ठळक अक्षरांत, चौकटीत, पाऊस संपायच्या आत छापा. नोकरीत असल्याने माझं नाव प्रसिद्ध करू नये.

आपली,
एक परिचारिका, भांडुप, मुंबई